कळलावी: फुलाच्या नावातच वॉर्निंग

आज कोडिंग नाही, नोकरी नाही. आज एका फुलाची गोष्ट.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघं पन्हाळ्यावरनं मसाई पठारावर गेलो होतो. धुकं, रिपरिप पाऊस. परतताना वाटेकडेच्या झुडपावर एक वेल दिसला. फुलाला सहा पाकळ्या, कडा कुरळ्या, सगळ्या वर वळलेल्या. बुडाला पिवळ्या, टोकाला लालभडक. जाळच पेटलाय म्हणा ना! फोटो काढला, ॲपनं नाव सांगितलं, ‘ग्लोरिओसा सुपर्बा’. लगेच स्टोरी टाकली. आणि शहाणपणा असा, की वेलाचा तुकडा तोडून घरी आणला.

घरी दादाची चार वर्षांची पोरगी ते फूल तोंडाजवळ नेत होती. तेवढ्यात आजीनं हिसकावलं. “आरं, ही कळलावी हाय! घरात आणली की भांडणं लागत्यात.” मला हसू आलं. म्हटलं, झाली अंधश्रद्धा सुरू.

रात्री वाचत बसलो आणि हसू गेलं. या वेलाच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन नावाचं विष असतं, कंदात आणि बियांत तर भरपूर. ते पेशींचं विभाजन थांबवतं. आपल्या भाषेत, शरीराची नवीन पेशी बनवायची प्रोसेसच हँग. पोटात गेलं की काही तासांनी उलट्या, जुलाब; मग एकेक अवयव निकामी होत जातो, जीवही जातो. कंद रताळ्यासारखा वाटला म्हणून खाऊन माणसं दगावली आहेत.

पूर्वी अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून हा कंद उगाळून पोटावर लावायचे. कळ लावणारी ती कळलावी. हा प्रयोग आज कुणी करू नका. हेच कोल्चिसिन गाऊटच्या गोळीत असतं, पण अगदी मोजून, डॉक्टरांच्या हातून. तामिळनाडूचं हे राज्यफूल. तिथं बियांसाठी याची शेतीही होते.

आता मला वाटतं, ‘भांडणं लागतात’ म्हटल्यावर पिढ्यानपिढ्या हा वेल पोराबाळांच्या हाताला लागला नाही. कारण चुकीचं असेल, काम बरोबर झालं.

तर पठारावर जा, फोटो काढा, फूल तिथंच राहू दे. चुकून कुणाच्या पोटात गेलंच, तर उलटीची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

तुमच्या गावात याला काय म्हणतात? घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!