आईबापांनी दार लावून घेतले तर

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला गाणी आहेत, हळदीकुंकू आहे, पाककृतींची स्पर्धा आहे. त्यात हा विषय कशाला, असे दोघीतिघींनी मला कालच विचारले. विषय आनंदाचा नाही, हे खरे. पण मुलगी सोळा वर्षांची, लग्न झालेले नाही, दिवस गेलेले, आणि आईबापांनी ‘तू आम्हांला मेलीस’ म्हणून दार लावून घेतलेले, असे आपल्या गावात घडतच नाही असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? अशा मुलीचे कायद्याने काय होते, एवढेच मी सांगणार आहे.

प्रश्न निघाला तो आपल्याच एका सभासद भगिनीमुळे. त्यांची लेक अमेरिकेत कॅलिफोर्नियात असते. त्या म्हणाल्या, ‘तिकडे म्हणे अशी पोर कोर्टात जाऊन स्वतःला सज्ञान ठरवून घेऊ शकते. मग आपल्याकडे का नाही?’ प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर मात्र दोन वाक्यांत देण्यासारखे नाही.

कॅलिफोर्नियात चौदा वर्षे पुरी झालेल्या मुलाला किंवा मुलीला तसा अर्ज करता येतो, ही गोष्ट खरी. परंतु नुसते पोटात मूल आहे म्हणून तिकडेही कोणी सज्ञान होत नाही. आईबापांपासून त्यांच्या संमतीने, निदान त्यांच्या हरकतीवाचून, आपण वेगळे राहतो आणि आपला खर्च आपण सरळ मार्गाच्या कमाईतून चालवतो, हे न्यायाधीशांना पटवावे लागते. आता सांगा, जिला कालच घराबाहेर काढले, जिच्या हातात पैसा नाही आणि सकाळी उठून जिला उलट्या होतात, ती हे कशी पटवणार? त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मुलगी सज्ञान ठरली की तिला पोसण्याची आईबापांची जबाबदारीही सुटते. घरभाड्याच्या करारावर स्वतःची सही करता येते खरी, पण त्या सहीच्या बदल्यात बापाकडे पोटगी मागण्याचा हक्क जातो. सौदा महागाचा आहे.

आपल्याकडे हा रस्ताच नाही. १८७५ च्या सज्ञानतेच्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पुरी झाल्याशिवाय कोणी सज्ञान नाही. कोर्टाने पालक नेमला असेल तर पूर्वी हीच मर्यादा एकवीस होती. १९९९ साली ती सरसकट अठरा झाली. शेतीच्या सातबाऱ्यावर तुम्ही ‘अ. पा. क.’ अशी अक्षरे वाचली असतील. ती म्हणजे ‘अज्ञान पालनकर्ता’. अठराच्या आतल्या माणसाला आपल्या कायद्याची मराठी ‘अज्ञान’ म्हणते. सोळा वर्षांची पोर संसाराचे सगळे जाणत असली तरी कागदावर ती अज्ञानच.

कायद्याने सज्ञान होण्याचा मार्ग नाही, म्हणून आपल्या लोकांनी रूढीने एक मार्ग काढलेला आहे, आणि तो म्हणजे लग्न. ‘उरकून टाका, नवऱ्याच्या घरी गेली की प्रश्न मिटला’, असे सांगणाऱ्या बायकाच पुष्कळ असतात. पण हा मार्ग मुलीला मोकळी करीत नाही. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्वाचा कायदा पाहा. त्यात विवाहित अज्ञान मुलीचा पालक तिचा नवरा सांगितला आहे. म्हणजे एका दावणीची सोडून दुसऱ्या दावणीला बांधली, एवढेच झाले. शिवाय २००६ च्या कायद्याने बालविवाह लावणाऱ्यांना शिक्षा आहे, मग ते मामा असोत, भटजी असोत, नाहीतर मांडवात पुढे पुढे करणारे शेजारी. असे लग्न लागलेच, तर सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत मुलीला ते रद्द करून मागता येते. आणि बायको अठराच्या आतली असेल तर तिच्याशी संबंध हा बलात्कारच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले. तेव्हा ‘लग्न लावून टाका’ हा सल्ला देण्याआधी जिभेला आवर घालावा.

मग कायदा करतो काय? तो मुलीला मोठी करीत नाही. ज्यांनी पाठ फिरवली त्यांच्या जागी तो दुसरे कोणी उभे करतो. २०१५ च्या बालन्याय कायद्यान्वये जिल्ह्याला बालकल्याण समिती असते. एक अध्यक्ष आणि चार सभासद, त्यांत निदान एक बाई. समिती महिन्यातून वीस दिवस तरी बसली पाहिजे, आणि ती बसलेली नसेल तर एकट्या सभासदापुढेही मुलीला नेता येते. न्यायचे कोणी? पोलिसांनीच असे नाही. दवाखान्यातली परिचारिका नेऊ शकते, समाजसेवक नेऊ शकतो, कोणीही सज्जन नागरिक नेऊ शकतो, आणि मुलगी आपली आपणही जाऊ शकते. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत ती समितीपुढे पोचली पाहिजे. समिती तिला बालगृहात ठेवील, एखाद्या भल्या नातेवाइकाकडे सोपवील, किंवा घरच्यांना बोलावून समज देईल. आणि आईबाप सुटले असे समजू नका. अज्ञान मुलीला पोसण्याची जबाबदारी दार लावल्याने जात नाही, आणि ताब्यातल्या मुलाला टाकून देणे हा याच कायद्याने गुन्हा आहे.

आता अवघड भाग. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठराच्या आतल्या मुलीशी झालेला संबंध, तिची इच्छा असो वा नसो, गुन्हा ठरतो. ज्याला हे कळले त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, डॉक्टरांनीही. त्यामुळे घडते असे की, मुलगी दवाखान्याच्या पायरीलाच घाबरते. तिला वाटते, तो तुरुंगात जाईल आणि माझे नाव पेपरात येईल. पहिली भीती खोटी आहे असे मी सांगणार नाही. सोळा-सतरा वर्षांच्या दोन पोरांचे प्रेम आणि चाळीस वर्षांच्या दांडग्याने केलेला अत्याचार यांना एकाच मापाने मोजणारा कायदा मला व्यक्तिशः पुरता पटलेला नाही. पण दुसरी भीती मात्र खोटी आहे. मुलीचे नाव छापणे हाच गुन्हा आहे. जबाब घ्यायला होईल तो बाई अधिकारी, तीही साध्या वेषात, मुलीच्या घरी किंवा तिला हवे तिथे यायची आहे. तपासणी बाई डॉक्टरने करायची आणि मुलीचा विश्वास असलेले माणूस तिच्याजवळ असायचे. आईबाप नसतील तर हे माणूस आपल्यापैकी कोणी का असू नये? अन्न, वस्त्र, प्रवास यांसाठी तातडीची रक्कम द्यावी अशी शिफारस समिती करू शकते, आणि शिफारशीनंतर आठवड्यात ती मिळावी असे २०२० चे नियम सांगतात.

मूल ठेवायचे की नाही, हा प्रश्न कुजबुजत विचारला जातो म्हणून मी मोठ्याने सांगते. १९७१ च्या कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलीच्या गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागते. मात्र या कायद्यातला पालक म्हणजे आईबापच असे नव्हे. जिच्या किंवा ज्याच्या देखभालीत मुलगी आहे ती व्यक्ती. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, आणि अज्ञान मुलींसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोघांचे. त्यापुढे बहुधा कोर्टाची पायरी चढावी लागते, म्हणून लपवण्यात घालवलेला एकेक आठवडा मुलीच्या हातून जातो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी सोय केली की, मुलीने व पालकाने विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचे नाव सांगण्याची गरज नाही. आणि २०२४ साली आपल्याच महाराष्ट्रातल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या खटल्यात न्यायालय म्हणाले की, मुलीचे मत पालकांहून वेगळे असेल तर तिच्या मताला वजन दिले पाहिजे. हा सज्ञानपणा नव्हे, पण तिच्या तोंडाला शब्द आहे एवढे तरी कायद्याने मानले.

मूल झाले तर? विवाहबाह्य मुलाची पहिली पालक त्याची आईच, हे १९५६ च्या त्याच कायद्यात आहे. आई स्वतः अज्ञान असली तरी ती बाळाच्या देहाची पालक राहते. फक्त त्याच्या मालमत्तेची पालक अठरा पुरी होईतो होऊ शकत नाही. जन्मदाखल्यासाठी बापाचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, हे २०१५ सालच्या निकालाने ठरले. बापाकडून बाळाला पोटगी मात्र मागता येते. बाळ दत्तक द्यायचे ठरले तर तेही समितीपुढेच, आणि विचार बदलायला दोन महिने मिळतात. दवाखान्याच्या मागच्या दाराने ‘एका चांगल्या जोडप्याला’ बाळ देणे हे दान नव्हे, तो गुन्हा आहे.

कायदा कागदावर असून काय होते, याचे उदाहरण बंगालचे आहे. २०१८ साली चौदा वर्षांची एक मुलगी घर सोडून पंचविशीतल्या पुरुषाकडे गेली. तिला मुलगी झाली. घरच्यांनी पाठ फिरवली. पोलिसांनी चोवीस तासांत तिला बालकल्याण समितीच्या नजरेस आणायचे होते, आणि तिची व्यवस्था व्हायची होती. ती झाली नाही. मग त्या पोरीला त्या पुरुषाखेरीज आधारच उरला नाही, आणि त्याला सोडवण्यासाठी तीच कर्ज काढून कोर्टकचेऱ्या करीत राहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा गुन्हा कायम केला आणि सरकारने आपले कर्तव्य केले नाही असे बजावले. मे २०२५ मध्ये त्याला शिक्षा न देता तिच्या शिक्षणाची आणि मदतीची जबाबदारी सरकारवर टाकली. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की, समाजाने तिला दोष दिला, कायद्याने तिला वाऱ्यावर सोडले आणि घरच्यांनी टाकले. सात वर्षांनी आलेली ही मदत पहिल्या चोवीस तासांत आली असती तर? तेवढ्यासाठी तिला सज्ञान होण्याची गरज नव्हती. कोणीतरी तिचा हात धरून समितीपर्यंत जायला हवे होते.

हे काम आपल्या मुलखाला नवे नाही. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी विधवांच्या गुप्त बाळंतपणासाठी आपल्या घरात सोय केली आणि तशा जाहिराती लावल्या. तिथे आलेल्या एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. तेव्हा पाठीशी ना समिती होती, ना कायदा.

मंडळापुढे माझी सूचना अशी आहे. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा पत्ता, सभासदांचे दूरध्वनी आणि मुलांच्या मदतीचा १०९८ हा क्रमांक कचेरीतल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा. ज्या भगिनी रात्री-अपरात्री अशा मुलीबरोबर दवाखान्यात किंवा समितीपुढे जायला तयार असतील त्यांनी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत. तिघी मिळाल्या तरी पुरे. मुलगी अठरा वर्षांची झाली की बालगृहातून बाहेर पडते. त्यानंतरही शिक्षण-धंद्यासाठी अनुरक्षणाची मदत तिला मागता येते, त्याचा अर्ज भरायलाही कोणी हवे. शिवणवर्गाच्या बाईंनी एक जागा राखून ठेवायचे मला आधीच कबूल केले आहे.