पूर्वपक्ष वाचवणारे आणि जाळणारे

आजचा विषय आहे ख्रिस्ती अपॉलॉजेटिक्स, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या बाजूने युक्तिवाद करण्याची परंपरा. 'अपॉलॉजी' म्हटलं की आपल्याला 'सॉरी' आठवतं. पण मूळ ग्रीक शब्द 'अपोलोगिया' कोर्टातला आहे. आरोपीने स्वतःच्या बचावासाठी केलेलं भाषण, असा त्याचा अर्थ.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना असा बचाव खरोखर करावा लागत होता. इ.स. 155 च्या सुमारास जस्टिन नावाच्या तत्त्वज्ञाने थेट रोमन सम्राट अँटोनायनस पायसला उद्देशून पुस्तक लिहिलं. आरोप काय होते? हे लोक नास्तिक आहेत, कारण रोमच्या देवांना मानत नाहीत. हे चोरून नरमांस खातात. जस्टिनचं म्हणणं साधं होतं: गुन्हा सिद्ध झाला तर जरूर शिक्षा द्या, पण नुसतं 'ख्रिस्ती' हे नाव म्हणजे गुन्हा नव्हे. पुढे 165 च्या सुमारास रोममध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येतो. ओरिजेन. त्याच्या आधी साधारण 70 वर्षं सेल्सस नावाच्या ग्रीक विचारवंताने ख्रिस्ती धर्मावर जोरदार टीका केली होती. देव यायचाच होता, तर जगाच्या एका कोपऱ्यातच का आला? हे लोक अशिक्षितांनाच का गाठतात? साम्राज्य संकटात असताना सम्राटाच्या बाजूने का लढत नाहीत? प्रश्न बोचरे होते. ओरिजेनने 248 च्या सुमारास आठ खंडांत उत्तर दिलं. पण कसं? सेल्ससची वाक्यं जशीच्या तशी द्यायची आणि मग एकेक मुद्दा खोडायचा. गंमत बघा, सेल्ससचं मूळ पुस्तक आज कुठेच मिळत नाही. त्यातलं जे काही आपण वाचतो, ते ओरिजेनने दिलेल्या उताऱ्यांमुळे. विरोधकाला विरोधकानेच वाचवलं!

मग काळ फिरला. चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा धर्म झाला. पॉर्फिरी नावाच्या तत्त्वज्ञाने ख्रिस्ती धर्माविरुद्ध 15 खंड लिहिले होते. त्याचा एक मुद्दा असा: बायबलमधलं दानीएलचं पुस्तक ही जुनी भविष्यवाणी नाही, ते इ.स.पू. दुसऱ्या शतकात, घटना घडत असताना लिहिलंय. आज बहुतेक अभ्यासक हेच मानतात. पण 448 मध्ये शाही हुकूम निघाला: पॉर्फिरीची पुस्तकं जाळा. ती गेली. उरले ते तुकडे, तेही जेरोमसारख्या ख्रिस्ती लेखकांनी उत्तर देताना नोंदवले म्हणून.

मला या इतिहासातली खरी गोष्ट इथेच दिसते. हातात सत्ता नव्हती तेव्हा युक्तिवाद करावाच लागला. सत्ता आल्यावर काडी लावणं सोपं झालं. आणि हे फक्त एकाच धर्माचं दुखणं आहे, असं कुणी समजू नये.

पण चांगली परंपरा मेली नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने अख्खा ग्रंथच अशा रीतीने रचला की आधी विरोधी मुद्दे, मग उत्तर. 'देव आहे का?' या प्रश्नावर तो सुरुवातीलाच सांगतो: जगात दुःख आणि वाईट आहे, म्हणजे देव नसावा. आणि निसर्गाचा उलगडा देवाशिवायही होतो. आजचा नास्तिकही याच दोन मुद्द्यांपासून सुरुवात करेल.

ही पद्धत आपल्याला ओळखीची वाटते ना? आपल्या शास्त्रांत तिला 'पूर्वपक्ष' म्हणतात. आणि या दोन्ही परंपरा एका मराठी घरातल्या माणसात भेटल्या. नीलकंठशास्त्री गोरे, बनारसमध्ये वाढलेले चित्पावन पंडित. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने 1839 मध्ये 'मतपरीक्षा' हा ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणारा ग्रंथ चक्क संस्कृतात लिहिला. त्याला उत्तर म्हणून गोऱ्यांनी विशीच्या आसपास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला, हिंदू धर्माच्या बाजूने. खंडन करायचं म्हणून ते ख्रिस्ती ग्रंथ वाचत गेले, आणि 1848 मध्ये स्वतःच ख्रिस्ती झाले! पुढे 'षड्दर्शन दर्पण' लिहून त्यांनी सहा दर्शनांवर टीका केली. त्यातही आधी दर्शनाचं म्हणणं, मग आक्षेप. बाजू बदलली, शिस्त तीच राहिली.

त्यांचा निर्णय तुम्हाला पटो न पटो, एक गोष्ट यातून कळते. समोरच्याचं नीट ऐकण्यात धोका असतो. आपलं मत बदलू शकतं. म्हणूनच पुस्तक जाळणं किंवा ब्लॉक करणं सोपं वाटतं.

तर पुढच्या वेळी ग्रुपवर वाद पेटला, की आधी समोरच्याचा मुद्दा स्वतःच्या शब्दांत लिहून बघा. 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं तो म्हणाला, की मग खुशाल खोडा. माझं म्हणणं पटलं नसेल तर तेही कळवा. तुमचा आक्षेप पुढच्या भागात जसाच्या तसा वाचून दाखवेन. भेटूया!