शब्द सारखे, अर्थ निराळे
(इंग्रजीतील समानार्थी शब्दांच्या निवडीविषयी पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



इंग्रजी हा आपल्या घराघरांतील काळजीचा विषय आहे. पालक म्हणतात, मुलाने शब्द पाठ केले, तरी दोन ओळी लिहिताना तो अडखळतो. मुले म्हणतात, एकाच अर्थाचे पाच-पाच शब्द. त्यांतला कोणता घ्यावा हेच कळत नाही. आज मी या दुसऱ्या तक्रारीवर बोलणार आहे, कारण पहिल्या तक्रारीचे उत्तर तिच्यातच आहे.

समानार्थी शब्द म्हणजे जुळी भावंडे नव्हेत. ती एका घरातली भावंडे आहेत. चेहरा मिळतो, स्वभाव निराळा असतो. हे कळण्यासाठी इंग्रजी यावे लागत नाही. कोंबडी 'मेली' असे आपण म्हणतो, पण शेजारचे आजोबा 'वारले' म्हणतो. वर्तमानपत्र 'निधन' छापते आणि आपल्या घरांत 'इंतकाल झाला' म्हणतात. घटना एकच, शब्द चार. लहान मुलाने आजोबांविषयी 'मेले' म्हटले तर आई डोळे वटारते आणि मूल तो फरक जन्मभर विसरत नाही. इंग्रजी शिकताना डोळे वटारणारी आई जवळ नसते. चुकीच्या शब्दावर कोणी काही बोलत नाही; फक्त अर्ज बाजूला ठेवला जातो.

इंग्रजीत शब्दांची ही गर्दी कशी झाली? इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर दीर्घकाळ दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच भाषेचा मान राहिला. शेतकरी मात्र आपली जुनी इंग्रजीच बोलत होता, आणि विद्वानांची भाषा लॅटिन होती. म्हणून कुरणात चरणारी मेंढी 'शीप' राहिली आणि मालकाच्या ताटात आली की फ्रेंचमधून आलेली 'मटन' झाली. आपल्याकडे मटण म्हटले की बहुधा बकऱ्याचे समजतात, ती गोष्ट वेगळी. याच कारणाने 'विचारणे' यासाठी तीन थर झाले : घरगुती 'आस्क', फ्रेंच वळणाचा 'क्वेश्चन' आणि लॅटिनमधला 'इंटरॉगेट'. आई मुलाला 'आस्क' करते, वकील साक्षीदाराला 'क्वेश्चन' करतो आणि पोलीस आरोपीला 'इंटरॉगेट' करतात. मराठीही अशीच थराथरांची भाषा आहे. 'मागणे' हा घरचा शब्द, 'अर्ज' हा अरबी-फारसीतून आलेला, 'निवेदन' हा संस्कृत. तेव्हा ही रचना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

आता निवड करायची कशी? तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : या शब्दात स्तुती आहे की निंदा? उर्दूत 'ज़िद' म्हणजे हट्ट. तोच शब्द मराठीत 'जिद्द' झाला आणि कौतुकाचा ठरला. 'पोर ज़िद करतं' ही तक्रार, पण 'पोर जिद्दीचं आहे' ही शाबासकी. इंग्रजीत 'स्टबर्न' आणि 'डिटरमिन्ड' यांत साधारण हाच फरक आहे. जपून खर्च करणारा तो 'थ्रिफ्टी', आणि गरजेलाही हात आखडणारा तो 'मायझर्ली'. आपण काटकसरी आणि कंजूष म्हणतो तसे. मोठ्या माणसाची निरागसता 'चाइल्डलाइक', तर त्याचा पोरकटपणा 'चाइल्डिश'. शिफारसपत्रात यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी पडला, तर स्तुतीची निंदा होते.

दुसरा प्रश्न : हा शब्द कोणाच्या सोबतीने येतो? आपण 'कडक चहा' म्हणतो, 'कठीण चहा' म्हणत नाही. का, याला नियम नाही, वहिवाट आहे. इंग्रजही चहाला 'स्ट्राँग' म्हणतो, 'पॉवरफुल' म्हणत नाही. घड्याळ चोरतात तेव्हा 'स्टील', माणसाला लुटतात तेव्हा 'रॉब'. चोरणे आणि लुटणे यांतील भेद आपल्याला माहीत आहेच. अडचण येते ती जेथे आपला एक शब्द त्यांच्या दोन शब्दांचे काम करतो तेथे. माणूस उंच, डोंगरही उंच. इंग्रजीत माणूस 'टॉल', डोंगर 'हाय'. आमंत्रण नाकारले तर 'रिफ्यूज', आरोप नाकारला तर 'डिनाय'. अशा जागा वहीत वेगळ्या लिहून ठेवाव्यात, कारण तेथे मातृभाषा आपल्याला सावध करत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : हा शब्द कोणाशी बोलताना वापरायचा? आपण मराठीत तू, तुम्ही, आपण असे तीन पायऱ्यांनी बोलतो. उर्दूतही तू, तुम, आप आहेच. आजच्या व्यवहारातील इंग्रजीत या सर्वांना एकच 'यू'. म्हणजे इंग्रजीत अदब नाही असे नव्हे. आपण जी अदब सर्वनामात आणि क्रियापदाच्या रूपात ठेवतो, ती तेथे शब्दांच्या आणि वाक्याच्या निवडीत ठेवावी लागते. आपला विद्यार्थी मनात 'आपण' म्हणतो, कागदावर 'यू' लिहितो आणि समजतो की आदर पोहोचला. तो पोहोचलेला नसतो.

समजा, एका मुलीला शिष्यवृत्तीसाठी दाखला हवा आहे. तिने लिहिले, 'आय वाँट सर्टिफिकेट' किंवा 'आय डिमांड सर्टिफिकेट'. तिच्या मनात नम्रता होती, पण वाचणाऱ्याला हुकूम ऐकू आला. विनंती आणि मागणी यांतला फरक तिला मराठीत पक्का ठाऊक असतो. शाळेत 'विनंती अर्ज' लिहितात आणि मोर्चात 'मागणी' करतात. तोच फरक 'रिक्वेस्ट' आणि 'डिमांड' यांत आहे. 'मला दाखला पाहिजे' यापेक्षा 'मला दाखला हवा होता' हे अधिक नम्र, हेही ती जाणते. इंग्रजीतले 'आय वुड लाइक' हे असेच एक पाऊल मागे घेऊन बोलणे आहे. ज्ञान तिच्याजवळ आहे; ते एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेण्याची सवय मात्र तिला कोणी लावलेली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, गाईडमधली समानार्थी शब्दांची यादी पाठ करून हे येत नाही. पीटर मार्क रॉजे नावाच्या इंग्रज डॉक्टराने १८५२ मध्ये 'थिसॉरस' हा शब्दांचा प्रसिद्ध संग्रह प्रसिद्ध केला. त्यात शब्द अर्थाच्या गटांनी मांडले आहेत, आणि ज्याला इंग्रजी येते त्याला विसरलेला शब्द शोधायला तो उत्तम आहे. शिकणाऱ्याची गरज वेगळी. ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवत असत. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांसाठी त्यांनी सहकाऱ्यांसह कोश तयार केला. तो १९४२ मध्ये टोकियोत निघाला, आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. अशा कोशात शब्दाच्या अर्थाबरोबर वाक्येही असतात. ती वाक्ये वाचा. मोबाईलवरही क्षणात दहा समानार्थी शब्द मिळतात, पण त्यांतला कोणता घ्यावा हे ठरवण्यासाठी वाक्यच पाहावे लागते. रोज दहा शब्द घोकण्यापेक्षा दोन शब्दांची एक जोडी घ्या, प्रत्येकाचे एक वाक्य लिहा आणि फरक आपल्या भाषेत एका ओळीत मांडा. भारदस्त शब्दाच्या मोहात पडू नका. 'बिगिन' चालत असेल तेथे 'कमेन्स' लिहिल्याने विद्वत्ता वाढत नाही.

आणि पालकहो, आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून आपण मुलांना मदत करू शकत नाही, हा समज मनातून काढून टाका. संध्याकाळी मुलाला एवढेच विचारा, "आज कोणते दोन शब्द शिकलास? त्यांत फरक काय, ते मला आपल्या भाषेत सांग." जे मूल अम्मीला हा फरक समजावून सांगू शकते, त्याला तो खरोखर कळलेला असतो. ज्या घरात उर्दू, दखनी किंवा कोकणी आणि मराठी नीट बोलली जाते, ज्या घरात मोठ्यांशी कसे बोलावे हे शिकवले जाते, त्या घरातल्या मुलाजवळ इंग्रजीसाठी लागणारे अर्धे भांडवल आधीच असते. घरची भाषा टाकून दिल्याने इंग्रजी येत नाही. फक्त हे भांडवल बुडते.

आपल्यापैकी अनेक घरांतून पहिल्यांदाच एखादा मुलगा, एखादी मुलगी इंग्रजीत अर्ज लिहीत आहे. तो कागद आपल्या लेकरांची नम्रता आणि स्वाभिमान दोन्ही बरोबर घेऊन जावा, अशी अपेक्षा बाळगतो.