घाटमाथा, 2000 फूट

आजचा विषय एक उंदीर. तोंड वाकडं करू नका, हा घरातला नाही, झाडावरचा आहे. शास्त्रीय नाव रॅटस सतारे. नावातच सातारा. पोटाकडून पांढरट, शेपूट अंगापेक्षा लांब, वस्ती सह्याद्रीच्या दाट जंगलात.

याचा मूळ नमुना, म्हणजे ज्यावरून जातीला नाव मिळालं तो, लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे. आणि तो कुठे मिळाला याची नोंद जगभरच्या याद्यांत अशी छापलेली असते: 'घाटमाथा, सातारा जिल्हा, 2000 फूट'.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा, नाहीतर हैदराबादला, मराठी कानाला हे लगेच खटकेल. घाटमाथा हे काय गावाचं नाव झालं? घाट चढून वर आलं की जो येतो तो माथा! महाबळेश्वरपासून चांदोलीपर्यंत सगळा घाटमाथाच. इंग्रजीत वाचणाऱ्याला मात्र ते पुणे किंवा कराडसारखं एक ठिकाण वाटतं.

हा नमुना आला कुठून ते आधी सांगतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं 1911 साली भारतातल्या सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण सुरू केलं. पहिलं काम खानदेशात झालं. संग्राहक सापळे लावत जिल्ह्यामागून जिल्हा फिरायचे. प्राण्याचं कातडं भरायचं, कवटी साफ करायची, मापं घ्यायची आणि पायाला चिठ्ठी बांधायची. शंभर वर्षांनी कातड्याचा रंग फिका पडतो, पण चिठ्ठीवरचं ठिकाण टिकलं तर नमुना कामाचा राहतो. ठिकाण गेलं की उरतं ते फक्त कातडं.

गंमत पुढेच आहे. 1918 मध्ये मार्टिन हिंटन यांनी याला नाव दिलं, ते भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या घरउंदरांवरच्या अहवालात! 1896 च्या मुंबईच्या प्लेगनंतर उंदीर हा सरकारदरबारी मोठा विषय झाला होता आणि लक्ष होतं घरातल्या उंदरावर. त्यामुळे रानातला हा प्राणी घरउंदराची एक उपजात म्हणून यादीत बसला आणि कित्येक दशकं तिथेच राहिला.

स्वतंत्र जात म्हणून त्याची बाजू पक्की झाली ती कर्नाटकातल्या कोडगूमुळे. तिथे घरउंदीर आणि हा रानउंदीर एकाच मुलखात राहतात. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोघांची शरीररचना, गुणसूत्रं आणि जनुकं ताडून पाहिली. दोघे वेगळे निघाले. तमिळनाडूत निलगिरीतूनही याची नोंद आहे. म्हणजे सातारा, कोडगू, निलगिरी असे तुटक तुटक ठिपके. सातारा आणि कोडगू यांच्यात पाचशे किलोमीटरहून जास्त अंतर. आंतरराष्ट्रीय यादीत तो 'असुरक्षित' गटात आहे.

आता पुन्हा घाटमाथ्याकडे. चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाट लागतो. तो चढून वर आलं की जी जागा येते तिला लोक आजही 'घाटमाथा' म्हणूनच ओळखतात. उंची साधारण दोन हजार फूट. तिथून उतरलं की हेळवाक, आणि त्याच सर्वेक्षणातल्या खारीच्या एका उपजातीचं मूळ ठिकाण 'हेळवाक, कोयना खोरं' असं नोंदलेलं आहे. म्हणजे संग्राहकांचा तळ याच बाजूला पडला होता. माझा कौल कुंभार्लीला. चिठ्ठी लिहिणाऱ्यानं बहुधा स्थानिक माणसाला "ही जागा कुठली?" असं विचारलं असेल आणि त्यानं खरं तेच सांगितलं असेल.

एवढा कीस कशाला, असं कोणी विचारेल. कारण प्राण्याच्या नावाचा नियम कडक आहे. नाव मूळ नमुन्याला चिकटलेलं असतं, पुस्तकातल्या वर्णनाला नाही. उद्या साताऱ्याचा उंदीर आणि कोडगूचा उंदीर वेगळे निघाले, तर 'सतारे' हे नाव साताऱ्याकडेच राहील. कोडगूच्या उंदराला दुसरं नाव शोधावं लागेल, आणि मग आज तीन ठिपक्यांवर मोजलेला त्याचा मुलूख आणखी लहान होईल. संरक्षणाचं गणित तिथे बदलतं.

त्यासाठी मूळ जागेवरचे ताजे नमुने हवेत. मधल्या काळात कोयनेवर धरण झालं, खोऱ्याचा मोठा भाग शिवसागराखाली गेला. पण 1985 पासून कोयना अभयारण्य आहे, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पही. वाघासाठी राखलेल्या जंगलात उंदराचाही निवारा राहतोच. परवानगी काढून, कुंभार्लीच्या माथ्यावरच्या रानात, जमिनीवर नव्हे तर फांद्यांवर सापळे लावायला हवेत. आणि सापडलेल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर 'घाटमाथा' लिहाच, पण शेजारी अक्षांश-रेखांशही लिहा.