यांत्रिक करवतीची निवड



एप्रिल-मे महिन्यांत हैदराबाद नगरीत वळिवाचे वादळ झाले की रस्तोरस्ती झाडे उन्मळून पडतात आणि वाहतूक खोळंबते. ती मोकळी करण्याचे काम महानगरपालिका आणि 2024 साली स्थापन झालेली ‘हायड्रा’ ही यंत्रणा यांच्या पथकांवर येते. पूर्वी दोन माणसांनी करवत ओढून जे काम अर्धा दिवस चालावयाचे, ते आज यांत्रिक करवत काही मिनिटांत करते. ‘चेनसॉ’ या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र आता बागाईतदार, ग्रामपंचायती आणि शाळांच्या आवारांपर्यंत पोहोचले आहे. त्यामुळे कोणत्या कंपनीची करवत घ्यावी, हा प्रश्न वारंवार विचारला जातो.

बाजारात दोन नावांची स्पर्धा विशेष दिसते. जर्मनीतील स्टिल कंपनीची स्थापना 1926 साली अँड्रियास स्टिल यांनी केली. तिची पहिली करवत विजेवर चालणारी असून ती पेलण्यास दोन माणसे लागत. स्वीडनमधील हुस्कवार्ना हा 1689 साली बंदुकांचा कारखाना म्हणून सुरू झालेला उद्योग. त्याने पहिली यांत्रिक करवत 1959 साली तयार केली. जपानी मकिता कंपनीने 1991 साली डोलमार ही जुनी जर्मन कंपनी आपल्याकडे घेतली. या डोलमारची पेट्रोलवर चालणारी करवत 1927 सालची आहे. साखळीचा इतिहास मात्र निराळाच आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे न्याहाळून नव्या घडणीचे दात बनविले आणि 1947 साली त्यांचे उत्पादन सुरू केले. आजच्या बहुतेक करवतींच्या साखळ्या त्याच तत्त्वावर चालतात.

यांपैकी श्रेष्ठ कोण, असा सरसकट निवाडा करता येत नाही. नामांकित कंपन्यांच्या समान शक्तीच्या यंत्रांत फरक थोडा असतो. यंत्र आणि काम यांचा मेळ न बसल्यास होणारे नुकसान मात्र मोठे असते. फांद्या छाटणे आणि सरपण तोडणे यांसाठी 30 ते 40 सी.सी.चे हलके यंत्र पुरेसे होते. चिंच किंवा बाभूळ यांसारख्या कठीण लाकडाचे जाड बुंधे कापावयाचे असल्यास 50 सी.सी. अथवा त्याहून अधिक शक्ती हवी. लहान इंजिनावर लांब पट्टी चढविली तर साखळी अडते, इंजिन तापते आणि माणूस जोर लावू लागतो. म्हणून केवळ सी.सी.चा आकडा मोठा आणि किंमत कमी एवढेच पाहून यंत्र घेणे हिताचे नाही.

देगलूर, उदगीर, नांदेड या भागांतील अनेक शेतकरी यंत्रसामग्रीसाठी हैदराबाद गाठतात. सिकंदराबादच्या राणीगंजात एकाच रस्त्यावर अनेक बनावटींची यंत्रे पाहावयास मिळतात. परंतु तेथे घेतलेले यंत्र गावी बंद पडले, तर ते दुरुस्त कोण करणार? साखळी, पट्टी, एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग हे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात काय, याची चौकशी पैसे देण्यापूर्वीच करावी. पक्की पावती आणि हमीपत्र घ्यावे. ज्या नावाचा कारागीर जवळ आहे, ते नाव दूरच्या प्रसिद्ध नावापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. भरवेगात साखळी सेकंदाला सुमारे वीस मीटर धावते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकताच करवत उसळून चालविणाऱ्याच्या अंगावर येते. या क्षणी साखळीचा ब्रेकच त्याला वाचवितो. तो ब्रेक, कंपन कमी करणारी मूठ आणि चाप आपोआप दाबला जाऊ नये म्हणून असलेली कळ या तीन गोष्टी विक्रेत्याकडून प्रत्यक्ष चालवून पाहाव्यात. ज्या यंत्रात त्या नाहीत, ते फुकट मिळाले तरी घेऊ नये. शिरस्त्राण, चष्मा, कानटोप्या, जाड बूट आणि पायांचे संरक्षक कपडे यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. विजेच्या तारांजवळील झाडाला वीजपुरवठा बंद केल्याची खात्री झाल्यावाचून हात लावू नये.

निगा राखणेही तितकेच अगत्याचे आहे. सामान्यतः एक लिटर पेट्रोलमध्ये 20 मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल मिसळतात. तथापि यंत्रासोबतच्या पुस्तिकेतील प्रमाण अंतिम मानावे. साखळीसाठी तेलाची टाकी वेगळी असते; तीत जळके तेल ओतू नये. लाकडाचा चुरा पिठासारखा पडू लागला की दात बोथट झाले असे समजावे आणि योग्य मापाच्या गोल कानशीने त्यांना धार लावावी.

यंत्र हाती आले म्हणजे झाड तोडण्याची मुभा मिळाली, असे मात्र नाही. महाराष्ट्रात 1964 चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आणि नागरी क्षेत्रांसाठी 1975 चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. तेलंगणात 2002 चा पाणी, जमीन व वृक्षविषयक ‘वाल्टा’ कायदा लागू आहे. परवानगीची चौकशी आधी करावी आणि मगच करवत सुरू करावी.

28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीला आलेल्या महापुरात हैदराबादमध्ये हजारो लोक प्राणास मुकले. त्या प्रलयात एका चिंचेच्या झाडावर चढून बसलेले सुमारे दीडशे लोक वाचले, असे सांगितले जाते. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील ते झाड नगरवासीयांनी आदराने जपले. असा वृक्ष वाढण्यास पिढ्या लागतात आणि तो आडवा होण्यास आज काही मिनिटे पुरतात. तेव्हा यंत्र निवडताना नावाआधी काम पाहावे, किमतीआधी ब्रेक पाहावा आणि करवत चालविण्याआधी ते झाड तोडणे खरोखरच आवश्यक आहे काय, हे पाहावे.