बुचांचे चलन आणि पाण्याची मालकी
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषण)



हा विषय मी मागून घेतला तेव्हा आपल्या एका ज्येष्ठ साथींनी नापसंती दर्शविली. व्हिडिओ गेम ही भांडवलशाहीची नवी अफू आहे, असे त्यांचे म्हणणे. ज्या करमणुकीत आपल्या घरची मुले शेकडो तास घालवितात तिच्या आत काय आहे हे न पाहताच तिला अफू ठरवून मोकळे होणे, हा मला वैचारिक आळस वाटतो. निवृत्तीनंतर हाती वेळ होता. ‘फॉलआउट’ या अमेरिकन मालिकेतील चार खेळ मी सावकाशपणे, पुष्कळदा मरत मरत, खेळलो. त्यांची तुलना आज मांडतो.

कल्पना अशी की २०७७ साली अणुयुद्ध होऊन जग बेचिराख झाले आणि काही माणसे ‘व्हॉल्ट’ नामक भूमिगत आश्रयस्थानांत तगली. १९९७ साली आलेल्या पहिल्या खेळात, २१६१ साली, अशा एका व्हॉल्टमधील जलशुद्धीकरणाची ‘वॉटर चिप’ बिघडते. दीडशे दिवसांत दुसरी आणावयाची, नाहीतर आपली माणसे तहानेने मरणार. ती चिप सापडते कोठे? नेक्रोपोलिस नावाच्या शहरात, जेथे किरणोत्सर्गाने विद्रूप झालेले लोक राहतात आणि त्यांचेही पाणी त्याच चिपवर अवलंबून असते. ती उचलून चालते व्हावे, की आधी त्यांचा मोडका पंप दुरुस्त करून द्यावा? खेळ उपदेश करीत नाही. पंप दुरुस्त न करताही चिप नेता येते. टंचाईचा प्रश्न हा वाटपाचा प्रश्न असतो, हे सांगण्यास मला वर्गात दोन तास लागत.

या जगात चलन म्हणून शीतपेयाच्या बाटल्यांची पत्र्याची बुचे चालतात. विद्यार्थी हसतील, पण कवड्यांचे चलन आपल्या देशात शतकानुशतके चालले आहे. १९९८ च्या दुसऱ्या खेळात काळ ऐंशी वर्षांनी पुढे सरकतो. न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक हे राज्य उभे राहिलेले असते, त्याचे स्वतःचे चलन असते, आणि एका विहिरीत दडविलेला दहा हजार बुचांचा खजिना हाती लागतो तो निव्वळ कचरा म्हणून. २०१० च्या ‘न्यू व्हेगास’मध्ये बुचे परत येतात. का? शत्रूने त्या राज्याच्या सोन्याचे साठे नष्ट केले, कागदी डॉलरवरील विश्वास उडाला, आणि हब या बाजारपेठेतील व्यापाऱ्यांनी पाण्याच्या हमीवर बुचे पुन्हा चालू केली. राज्याच्या शंभर डॉलरला चाळीस बुचे मिळतात. पलीकडच्या गुलामधारी लष्करशाहीच्या एका सुवर्णनाण्याला शंभर. म्हणजे लोकशाहीची नोट घसरलेली आणि हुकूमशहाचे नाणे खणखणीत! असे प्रसंग इतिहासात घडले आहेत, आणि त्या वेळी व्यापारी कोणत्या बाजूला कलतात हेही आपण जाणतो.

२००८ चा तिसरा खेळ यांच्यापुढे मला फार उथळ वाटला. खपाने तो मोठा, चित्रे भव्य. घडतो वॉशिंग्टनच्या अवशेषांत, युद्धानंतर दोनशे वर्षांनी; तरीही माणसे दुकानांच्या फळ्यांवरील जुने डबे धुंडाळीत जगतात. शेते जवळजवळ दिसतच नाहीत. दोनशे वर्षे ही माणसे खाल्ली काय? खंडाच्या दुसऱ्या टोकाला तीच बुचे का चालतात, हेही कोणी विचारीत नाही. पाणी येथेही आहे, पण ते एका महान शास्त्रज्ञाच्या यंत्रातून सर्वांना मिळावयाचे आहे. वाटपाचा झगडा जाऊन दातृत्व आले. नैतिक पेच म्हणून काय, तर एका वस्तीतला न फुटलेला अणुबाँब एका धनिकाच्या गच्चीवरून दिसणारे दृश्य सुधारण्यासाठी पैसे घेऊन उडवावयाचा की नाही! (भारतात मायक्रोसॉफ्टने हा खेळ सांस्कृतिक संवेदनशीलतेचे कारण देऊन आणलाच नाही. यातील दोन तोंडांच्या गायीला ‘ब्राह्मिन’ म्हणतात, तेच निमित्त असावे असा तर्क तेव्हा झाला.)

मालक बदलला म्हणून दर्जा घसरला, असे सोपे उत्तर मोह घालते. मूळ निर्मात्यांचा विभाग २००३ साली बंद पडला, २००७ मध्ये मालिकेचे हक्क बेथेस्डा कंपनीने विकत घेतले, हे खरे. परंतु ‘न्यू व्हेगास’ याच बेथेस्डाने प्रकाशित केला; घडविला मात्र ऑब्सिडियन या संस्थेने, जिच्यात जुन्या विभागातील काही मंडळी होती, आणि तोही सुमारे दीड वर्षात. फरक मालकापेक्षा कारागिरांचा होता. त्यांना मिळाले काय? समीक्षांच्या सरासरीत ८५ गुण पडले तर बोनस, असा करार होता, पडले ८४. त्यांच्यापैकीच ख्रिस अॅव्हेलोन यांनी २०१२ साली हे जाहीर केले. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने बेथेस्डाची मूळ कंपनी साडेसात अब्ज डॉलरना घेतली आणि जुलै २०२४ मध्ये बेथेस्डाच्या खेळ घडविणाऱ्या २४१ कामगारांनी संघटना बांधली. ही बातमी आपल्या कामगार आघाडीच्या किती जणांनी वाचली, हे मी विचारीत नाही.

आता ‘न्यू व्हेगास’मधील एक प्रसंग सांगून थांबतो. हूव्हर धरण रिपब्लिकच्या ताब्यात आहे. वाटेकरी शेतकऱ्यांच्या शेतांना जाणारे नळाचे पाणी मधेच कमी होते. ही व्यथा कालव्याच्या शेपटाकडील आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागणार नाही. शोध घेतल्यावर कळते की ते पाणी वेस्टसाइड या गरीब वस्तीतील सहकारी शेतीकडे वळविले आहे. वळविणारा सज्जन, पदरचे काही न घेणारा कार्यकर्ता आहे. आणि ते गुपित राखण्यासाठी त्याने एका तरुण सैनिकाचा जीव घेतला आहे. लष्करी अधिकाऱ्याला खरे सांगता येते, किंवा दोष एका टोळीवर ढकलता येतो. मी पहिल्या वेळी खरे सांगितले. दुसऱ्यांदा खेळलो तेव्हा लपविले. दोन्ही वेळा रात्री झोप नीट आली नाही. समोर बसलेल्यांपैकी चौघापाच जणांनी हा खेळ खेळला आहे असे सकाळी कळले. त्यांनी काय केले, ते चर्चेच्या सत्रात त्यांनीच सांगावे.