हा समेवर येत नाही: सिक्वेन्सर आणि लेहरा

(ऑडिओ भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी भाषा बोलण्याचीच ठेवली आहे. जिथे आवाज ऐकवला आहे तिथे चौकोनी कंसात नोंद आहे.)

मागच्या भागात आपण ऑसिलेटर, फिल्टर आणि एन्व्हलप पाहिले. म्हणजे आवाज तयार कसा होतो, त्याला रंग कसा येतो आणि तो सुरू होऊन संपतो कसा, इतकं झालं. तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, की हे सगळं ठीक आहे, पण वाजवायचं कशाने? कीबोर्ड तर दिसत नाही! तर आज त्याबद्दल. आजचा विषय सिक्वेन्सर.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. सिक्वेन्सर स्वतः काही वाजत नाही. त्याला स्पीकर जोडलात तर टिकटिक ऐकू येईल फार तर. त्याचं काम सांगण्याचं. प्रत्येक पायरीवर तो दोन गोष्टी सांगतो: आता कुठला सूर, आणि आता वाजव. सूर सांगतो तो व्होल्टेजमधून, आणि ‘वाजव’ सांगतो तो एका छोट्या विद्युत स्पंदातून, त्याला गेट म्हणतात. पुढच्या पायरीवर कधी जायचं हे त्यालाही दुसरा कोणी तरी सांगतो. तो क्लॉक. क्लॉकचा एक ठोका पडला की सिक्वेन्सर एक पायरी पुढे. शेवटची पायरी झाली की पुन्हा पहिली. बस, एवढंच.

[ध्वनी: आठ सुरांची साधी फिरती ओळ, सुमारे वीस सेकंद]

आता हे ऐकून तुमच्यातल्या तबला शिकलेल्या मंडळींना काहीतरी आठवलं असेल. मलाही आठवलं, कारण मी याच आवाजात वाढले. माझे बाबा लेहरा धरायचे. तबल्याचं एकल वादन असतं तेव्हा बाजूला कोणीतरी पेटीवर किंवा सारंगीवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत बसलेलं असतं. तोच लेहरा. काही जण त्याला नगमा म्हणतात. तबलजी कायदे, रेले, गती, चक्रदार काय हवं ते करतो, लोक त्याला दाद देतात, आणि लेहरेवाला तासभर तीच सोळा मात्रांची ओळ सांभाळतो. बाबांनी हे तीस एक वर्षं केलं, मिरजेत, सांगलीत, कोल्हापुरात. मग बोटं आखडायला लागली. त्याच सुमारास लेहऱ्याची यंत्रं आली, मग मोबाईलवर अ‍ॅप आली, आणि रियाझाला पेटीवाला बोलावणं जवळपास थांबलंच. बोटं आणि बोलावणी एकदमच थांबली म्हणा ना.

त्यामुळे मी घरी सिंथेसायझर घेऊन आले तेव्हा बाबांनी फक्त एवढंच विचारलं, “हेही लेहऱ्याचंच मशीन का?” मी नाही म्हणाले. आता वाटतं, तेव्हा मी खोटं बोलले.

पण त्याआधी थोडा इतिहास, कारण तो आपल्या समजुतीपेक्षा वेगळा आहे. १९६०च्या दशकात इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे टेप कापणं होतं. एकेक सूर टेपवर घ्यायचा, ब्लेडने तुकडा कापायचा, दुसऱ्या तुकड्याला चिकटवायचा. काही सेकंदांच्या संगीताला दिवसच्या दिवस लागायचे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटर होतं. तिथल्या मॉर्टन सुबोट्निक आणि रामोन सेंडर यांना या कापाकापीतून सुटका हवी होती. त्यांनी डॉन बुकला या माणसाला यंत्र बनवायला सांगितलं. बुकलाच्या यंत्रात पियानोसारखा कीबोर्ड नव्हता. होत्या स्पर्शाच्या पट्ट्या, आणि सिक्वेन्सर. कापून जोडलेल्या टेपचं काम आता नॉबची रांग करायला लागली. त्या यंत्रावर सुबोट्निकनी १९६७ मध्ये ‘सिल्व्हर अ‍ॅपल्स ऑफ द मून’ ही अख्खी रेकॉर्ड केली. म्हणजे बघा, सिक्वेन्सर माणसाऐवजी वाजवायला आला नाही, तो कात्रीऐवजी आला.

तिकडे पूर्व किनाऱ्यावर रॉबर्ट मूगचा ९६० नावाचा सिक्वेन्सर आला. आठ पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला तीन नॉब, एकाखाली एक. या तीन ओळी लक्षात ठेवा, आपल्या पुढच्या गोष्टीत त्यांचंच काम आहे. १९७४ ची टँजरीन ड्रीमची ‘फीड्रा’ ऐका. त्यात सिक्वेन्सरची फिरती ओळ चालू असताना सूर हळूहळू सरकताना ऐकू येतात, कारण ते ऑसिलेटर तापले की उतरायचे-चढायचे. तंबोरा लावणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

आणि आपल्याकडे? १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, डेव्हिड ट्यूडर या संगीतकाराने मूग सिंथेसायझर बसवून दिला. पखवाज वाजवणाऱ्या गीता साराभाई, आणि आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर रचना केल्या. त्या टेप्स कित्येक वर्षं संस्थेत पडून होत्या. निवडक रेकॉर्डिंगचा संग्रह २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ केली. त्यात रोलँडचं टीबी-३०३ आहे. ते मॉड्युलर नाही, पण त्याच्या पोटात सिक्वेन्सर आहे, आणि त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. चरणजितजींच्या रागांना तीच हवी होती.

बरं, आता कामाला लागू.

मी ठरवलं, बाबांचा चंद्रकंसातला लेहरा बसवायचा. तीनताल, सोळा मात्रा, मध्य लय. माझ्याकडचा सिक्वेन्सर सोळा पायऱ्यांचा, तीन ओळींचा आहे. मॉड्युलरमध्ये बहुतेक ठिकाणी हिशोब असा असतो, की एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर. सप्तकात बारा स्वर, म्हणजे एका स्वराला ०.०८३ व्होल्ट. चंद्रकंसात सा, कोमल गंधार, मध्यम, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद. सा शून्य धरला तर कोमल ग ०.२५, म ०.४१७, कोमल ध ०.६६७, शुद्ध नी ०.९१७ आणि तार सा १ व्होल्ट. हे आकडे अचूक लावायला क्वांटायझर नावाचं मॉड्यूल मिळतं. नॉब जवळपास कुठेही ठेवला तरी ते त्याला जवळच्या स्वरावर ओढून नेतं. पण ते पियानोच्या स्वरांवर ओढतं. मी ते काढून टाकलं आणि तंबोरा लावून सोळा नॉब कानाने जुळवले. अख्खी संध्याकाळ गेली. पण श्रुती हवी तिथे लागली, आणि पेटीवर ते कधीच जमत नाही, हे पेटीवाल्याच्या मुलीने सांगायला हरकत नाही.

[ध्वनी: चंद्रकंसातली सोळा मात्रांची ओळ, चार आवर्तनं, सपाट]

बाबांना बोलावलं. त्यांनी तीन आवर्तनं ऐकली. मग म्हणाले, “सूर बरोबर आहेत गं. पण हा समेवर येत नाही. समेवरून जातो.”

मला आधी राग आला. सम म्हणजे पहिली पायरी, आणि पहिल्या पायरीवर तो बरोबर येत होता, हजार वेळा आला असता. पण बाबांचं म्हणणं नीट ऐका. सिक्वेन्सरच्या दृष्टीने पहिली पायरी आणि सातवी पायरी यांत काही फरक नाही. दोन्ही नुसते नॉब. माणूस लेहरा धरतो तेव्हा सोळाही मात्रांत त्याला माहीत असतं, की सम किती लांब आहे.

मी विचारलं, “मग तुम्ही काय करता?” ते बसले. बोटं चालत नव्हती, म्हणून डाव्या हाताने नुसता हवेत भाता हलवून दाखवला. पहिल्या मात्रेला भरलेला दाब. नवव्या मात्रेला, म्हणजे खालीला, भाता सैल. आणि तेरापासून दाब हळूहळू वाढवत न्यायचा, सोळाव्या मात्रेला सम दिसायला लागली पाहिजे. म्हणाले, “तबलजी डोळे मिटून वाजवत असतो. त्याला सम मी दाखवायची असते.” तीस वर्षं मी हे ऐकलं होतं आणि मला वाटत होतं, की बाबा एकच ओळ वाजवतात.

तर इथे दुसरी ओळ कामाला येते. बरेच जण सिक्वेन्सर म्हणजे फक्त सूर समजतात. पण सिक्वेन्सर व्होल्टेज देतो, आणि ते व्होल्टेज कुठे न्यायचं ते तुमच्या हातात. मी दुसऱ्या ओळीची केबल फिल्टरला आणि थोडी आवाजाच्या चढउताराला जोडली. पहिला नॉब वर, नऊ ते बारा खाली, तेरा ते सोळा चढत. म्हणजे दुसरी ओळ भाता झाली.

तिसरी ओळ वेळेसाठी वापरता येते. ती क्लॉकला परत नेली की प्रत्येक पायरीचा काळ कमीजास्त करता येतो. मी उत्साहाने समेआधी किंचित थांबायला लावलं. बाबा लगेच म्हणाले, “मात्रेला हात लावू नकोस. मात्रा हलली तर तबलजी मरेल.” बरोबर. मग तिसरी ओळ मी स्ल्यू नावाच्या मॉड्यूलला दिली. ते व्होल्टेजला उडी मारू देत नाही, सरकत नेतं. बहुतेक पायऱ्यांवर शून्य, आणि फक्त मध्यमावरून धैवतावर जाताना थोडं. म्हणजे मींड.

[ध्वनी: तोच लेहरा, दाब आणि मींडीसह]

मींड ऐकल्यावर बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी तो नॉब शोधला आणि मींड थोडी कमी केली.

इथे तुमच्यासाठी दोन-तीन गोष्टी सांगते, ज्या आपल्या तालाशी जोडून बघता येतील. एक: सगळ्या ओळींची लांबी सारखी ठेवायची गरज नसते. सूर सोळा पायऱ्यांचे आणि दाब सात पायऱ्यांचा ठेवा. दोन्ही पुन्हा एकत्र येतील ११२ मात्रांनी, म्हणजे तीनतालाच्या सात आवर्तनांनी. तोपर्यंत तोच सूर दर वेळी वेगळ्या वजनाने येतो.

दोन: युक्लिडियन सिक्वेन्सर. तो सांगेल तेवढे ठोके सांगाल तेवढ्या पायऱ्यांत शक्य तितके समान पसरतो. गॉडफ्रीड तूसाँ या संगणकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये दाखवलं, की जगातले कितीतरी पारंपरिक ठेके या हिशोबातून निघतात. सातात तीन ठोके टाकून सुरुवातीची जागा फिरवा, तीन-दोन-दोन मिळेल, रूपकाचे विभाग. दहात चार टाका, दोन-तीन-दोन-तीन, झपताल. पण गंमत अशी, की रूपकाची सम खालीवर असते. यंत्राला सगळे ठोके सारखेच, आणि रूपकात पहिली जागा मोकळी. त्यामुळे ठोके यंत्राकडून घ्या, वजन मात्र वेगळ्या ओळीने स्वतः द्या.

तीन: ट्युरिंग मशीन नावाचं मॉड्यूल, म्युझिक थिंग मॉड्युलरचं, २०१२ मधलं. त्यात एक मोठा नॉब आहे. मधोमध ठेवला की सूर यादृच्छिक, पूर्ण उजवीकडे नेला की ओळ कुलूपबंद. त्या दोहोंच्या मध्ये ठेवला की ओळ तीच राहते, पण मधूनच एखादा सूर बदलतो. लेहऱ्याला हे चालणार नाही. आलापासारख्या कामाला फार छान.

आता गोष्ट संपवते. माझी एक मैत्रीण तबला वाजवते. एका रविवारी ती आली आणि या लेहऱ्यावर तिने एकल वाजवलं. पेशकार झाला, कायदा झाला. मी केबल्सकडे बघत उभी होते. आणि बाबा अस्वस्थ व्हायला लागले. मला हळूच म्हणाले, “आता लय वाढवायची वेळ झाली. हे याला कोण सांगणार?”

मी क्लॉकचा नॉब दाखवला.

त्यांनी हात ठेवला आणि काढलाच नाही. मैत्रिणीकडे बघत, दर दोन-तीन आवर्तनांनी, केसाएवढा तो नॉब सरकवत राहिले. बोटं वळत नाहीत, पण नॉब फिरवायला मनगट पुरतं. रेल्यापर्यंत लय दुपटीच्या जवळ गेली आणि नेमकी कुठे वाढली हे मला एकदाही कळलं नाही. चक्रदाराची तिसरी फेरी समेवर पडली तेव्हा मैत्रिणीने वर पाहिलं, ते माझ्याकडे नाही, बाबांकडे.

लेहऱ्याची यंत्रं बाबांचं काम घेऊन गेली, ही गोष्ट खरी आहे. माझ्या या डब्याने ती भरून निघत नाही, आणि मी तसं म्हणणारही नाही. फक्त एवढं कळलं, की त्या यंत्रांनी सोळा सूर नेले होते. बाकीचं बाबांकडेच होतं.

गृहपाठ. ‘व्हीसीव्ही रॅक’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात ‘सेक ३’ नावाचा आठ पायऱ्यांचा, तीन ओळींचा सिक्वेन्सर आहे. आठ मात्रांचा केरवा त्यात बरोबर बसतो. पहिल्या ओळीत सूर लावा, दुसरी फिल्टरला जोडा. मग डोळे मिटून ऐका आणि सम कुठे आहे ते पायऱ्यांचे दिवे न बघता ओळखता येतं का ते पाहा. येत नसेल तर दुसऱ्या ओळीवर अजून काम करा.

पुढच्या भागात क्लॉक डिव्हायडर, म्हणजे दुगुन-चौगुनचं यंत्र. भेटू.

[ध्वनी: लेहरा, लय चढत जाते, समेवर थांबतो]